माझी कोजागिरीची बातमी, पेपरवाले नाना आणि दम्याचा पंप

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण घरात कुणाला दम लागत असेल, लेकराचा रात्रीचा खोकला जात नसेल, तर शेवटपर्यंत वाचा. ही पोस्ट मी दोन वर्षं लिहायची म्हणतोय आणि टाळतोय. कारण यात माझी स्वतःची चूक आहे.

कोजागिरी आली की आपल्या भागात दम्याच्या मोफत औषधाचा कार्यक्रम असतो. चांदण्यात ठेवलेली खीर, त्यात औषध, पहाटेपर्यंत जागरण, भजन. बावीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली निदान पंधरा वर्षं ही बातमी मी लावली आहे. आयोजक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवायचे, मी दोन शब्द इकडेतिकडे करायचो आणि पुढे ढकलायचो. एके वर्षी मथळा जरा मिळमिळीत वाटला म्हणून मी स्वतः बदलला. लिहिलं, "दमा मुळापासून बरा करणारे औषध, शेकडो रुग्णांना लाभ". शेकडो कोण, त्यांना काय लाभ झाला, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात शिकवलेला पहिला धडा आहे, विचारल्याशिवाय लिहू नका. पण ही काय राजकारणाची बातमी आहे, कोण तपासतंय, असं वाटलं.

आमच्याकडे पेपर टाकायला नाना होते. जुन्या वाचकांना आठवत असतील. पहाटे चारला स्टँडवर गठ्ठे उतरवायचे, पावणेसहाला सायकलवर निघायचे. वरच्या खिशात कायम एक निळा पंप. चढ आला की सायकल थांबवायची, पंपाचे दोन फवारे मारायचे आणि पुन्हा निघायचं. आम्ही गमतीने म्हणायचो, "नाना, टाकी फुल्ल का?" नाना हसायचे.

त्या वर्षी नाना कोजागिरीला गेले. औषध घेतलं. आणि पंधरा दिवसांनी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेले. हातात निळा पंप होता, रिकामा. फटाक्यांच्या धुराने त्रास झाला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चौकट लावली, "वृत्तपत्र विक्रेत्याचे निधन". विषय संपला.

मग दम्याने माझंच दार वाजवलं.

आमची धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. दर वर्षी दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, की तिचा खोकला सुरू. दिवसा बरी, रात्री दोन-तीनला उठून बसायची. पळायच्या शर्यतीत अर्ध्यात थांबायची. पाचट पेटवायचे दिवस आले आणि गावावर तो काळा भुगा उडायला लागला की शाळाच बुडायची. तीन वर्षं आम्ही दवाखाने फिरलो. एकाने 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस' लिहिलं, दुसऱ्याने 'छाती भरली' म्हटलं, तिसऱ्याने निमोनियाची सुरुवात सांगितली. दर वेळी अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध आणि वाफ. वाफ दिली की पोरगी हसत घरी यायची, आम्हालाही वाटायचं डॉक्टर चांगला आहे. तीन वर्षांत 'दमा' हा शब्द एकाही कागदावर नव्हता.

हे का झालं, ते मला नंतर एका डॉक्टरांनीच सांगितलं. नाव छापायचं नाही या अटीवर. म्हणाले, "अहो, दमा म्हटलं की आईबाप दुसऱ्या दिवशी दुसरा दवाखाना गाठतात. मुलगी असेल तर विचारूच नका." खोटं नाही. आमच्याच घरात आई म्हणाली होती, "पोरीची जात आहे, दमाबिमा म्हणत फिरू नका, उद्या लग्नाचं बघायचंय." नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी होती, पण ती रात्री झोपत नाही ही काळजी दुसऱ्या नंबरला.

शेवटी ओळखीतून जिल्ह्याच्या ठिकाणी एका छातीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिली वीस मिनिटं स्टेथोस्कोपला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. खोकला रात्री वाढतो की दिवसा? छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? पळल्यावर, हसल्यावर, थंड हवेत, धुरात वाढतो का? मध्ये काही दिवस अगदी ठणठणीत असते का? लहानपणी अंगावर खाज, पुरळ होतं का? सकाळी शिंका येतात का? घरात कुणाला आहे का? तेव्हा बायकोने हळूच सांगितलं की तिच्या वडिलांना होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

मग मॅडमनी ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची नळी काढली. तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. पीक फ्लो मीटर. पोरीला सांगितलं, छातीभर श्वास घे आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतेस तशी एकदम जोरात फुंक मार. तीन वेळा. सगळ्यात मोठा आकडा आला १५०. तिच्या उंचीला दोनशेच्या थोडं वर यायला पाहिजे होता. मग स्पेसर लावून निळ्या पंपाचे फवारे दिले, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. २०० आला.

मॅडम म्हणाल्या, "बघा, नळ्या बंद होत्या, औषधाने उघडल्या. हा जो वरखाली होण्याचा गुण आहे ना, तोच दमा." त्याच दिवशी स्पायरोमेट्रीही केली. तिथेही तेच, मशीनमध्ये फुंकायचं, औषध घ्यायचं आणि पुन्हा फुंकायचं. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढली, तर ती दम्याच्या बाजूची मोठी खूण. पण चाचणीच्या दिवशी माणूस बरा असेल तर रिपोर्ट नॉर्मलही येतो. म्हणून एका नॉर्मल रिपोर्टवर "तुम्हाला काही नाही" म्हणून घरी पाठवायचं नसतं. घरी मीटर देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहायला सांगतात. आमची वही अजून आहे. सकाळचे आकडे खाली, संध्याकाळचे वर. तो चढउतार आम्हालाही दिसत होता.

हे मीटर हजार रुपयांच्या आत मिळतं. याला वीज लागत नाही, टेक्निशियन लागत नाही. आम्ही तीन वर्षं जे दवाखाने फिरलो, त्यातल्या एकाही टेबलावर मी ते पाहिलं नव्हतं.

उलटंही खरं आहे. दम लागणारा प्रत्येक माणूस दमेकरी नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून टीबी आहे का बघायचं, सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईचा किंवा विडी ओढणाऱ्याचा दम वेगळा असू शकतो, त्याला सीओपीडी म्हणतात आणि त्याच्या नळ्या औषधाने पूर्ण मोकळ्या होत नाहीत. पायावर सूज असेल, आडवं झालं की दम लागत असेल, तर हृदय तपासावं लागतं. आणि लहान पोराला खेळताना अचानक ठसका लागून श्वास अडकायला लागला, तर कधी कधी नळीत शेंगदाणा असतो. म्हणून तपासणी लागते. शेजारच्याला जे औषध लागू पडलं ते आपल्या पोराला द्यायचं नाही.

आता उपचार. मॅडमनी दोन पंप दिले, एक निळा, एक तपकिरी. आणि विचारलं, "घरी मोटारीला पाईप आहे ना? पाईप आतून शेवाळून अरुंद झाला तर मोटारीचा जोर वाढवून पाणी किती येणार?" निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तासांत असर संपतो. पण नळीच्या आतली सूज तशीच राहते. ती कमी करतो तपकिरी, म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. त्याने लगेच काही जाणवत नाही. रोज घ्यावं लागतं, फरक पडायला दिवस लागतात.

इथेच सगळी गडबड होते. निळ्याने लगेच बरं वाटतं, म्हणून तो आवडतो. तपकिरीने काहीच वाटत नाही, म्हणून तो कपाटात जातो. जगभरातले दम्याचे तज्ज्ञ 'जीना' नावाच्या संस्थेतून उपचाराची दिशा ठरवतात. त्यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवायचं नाही, सूज उतरवणारं औषध सोबत पाहिजेच. कारण नुसत्या निळ्यावर राहणाऱ्यांना मोठा अटॅक येण्याचा, जीव जाण्याचा धोका जास्त असतो.

स्टिरॉइड म्हटल्यावर मीही दचकलो. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. एका फवाऱ्यात १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम. अटॅकमध्ये देतात त्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या वजनात २०० मायक्रोग्रॅमचे पंचवीस फवारे बसतात. शिवाय गोळी सगळ्या अंगात फिरते, फवारा छातीत जातो. त्यांनी लपवलं काहीच नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून पंप घेतला की चूळ भरायची. वर्षानुवर्षं घेतल्यावर मुलांची उंची साधारण एखाद्या सेंटिमीटरने कमी भरू शकते, म्हणून दर भेटीत उंची मोजायची आणि डोस कमीत कमी ठेवायचा. "आणि न घेतल्यावर काय होतं, ते तुम्ही तीन वर्षं बघितलंच आहे," असंही म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "आता तुम्ही पंप घेऊन दाखवा." मला वाटलं, यात काय. मी तोंड उघडलं, पंप दाबला, सगळा फवारा जिभेवर. दहापैकी आठ जण असंच करतात का काय कोण जाणे, पण आमच्या घरात तिघांपैकी तिघे चुकलो. नीट पद्धत अशी: पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास सावकाश आत ओढायला लागायचं आणि तेव्हाच दाबायचं, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. मुलांना आणि म्हाताऱ्यांना स्पेसर लावूनच. स्पेसर घ्यायला पैसे नसतील तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून चालतं. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर तपासून बघितलंय की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. कॅप्सूलची पावडर घ्यायचं यंत्र असेल तर मात्र श्वास जोरात ओढायचा. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते.

निघताना मॅडम म्हणाल्या, "बरं वाटलं म्हणून तपकिरी पंप मनाने बंद करू नका. अशी माणसं दिवाळीत माझ्याकडे येतात. काही येतच नाहीत."

परतीच्या एसटीत मला नाना आठवले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो. म्हटलं, नानांकडे निळ्याशिवाय दुसरा पंप होता का हो? होता. सुरुवातीला कॅप्सूल दिल्या होत्या, त्या ते पाण्याबरोबर गिळायचे, सहा महिने कुणी सांगितलं नाही. मग एका डॉक्टरने तपकिरी पंप दिला, त्यावर बरे होते. पण कोजागिरीनंतर तो बंद केला. का? काकू आत गेल्या आणि पेटीतून एक कात्रण घेऊन आल्या. माझी बातमी. घडी घालून ठेवलेली. "पेपरात आलंय मुळापासून बरा होतो म्हणून, म्हणाले आता कशाला त्याला चारशे रुपये घालायचे."

मथळा माझा होता.

कोजागिरीच्या औषधाने नाना गेले असं मी म्हणत नाही. त्या खिरीत कुणी विष घातलं नव्हतं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, आमच्या घरात आजही सर्दीला काढा होतो. पण चालू औषध बंद करायला नानांना जे कारण मिळालं, ते मी छापलं होतं. आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. त्या यादीतले आजार आमचं औषध बरे करतं, असा दावा औषधाला करता येत नाही. त्यात दमा आहे. हे मला पंचेचाळिशीत कळलं.

आता थोडं सार्वजनिक. कारण हा एकट्या नानांचा प्रश्न नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात होतात. म्हणजे आपला दमा काही जास्त विषारी नाही. आपल्याकडे तो ओळखला जात नाही आणि पंप पोचत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. श्वासातून घ्यायचं ब्युडेसोनाइड २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातही आता दमा आणि सीओपीडी घेतले आहेत. कागदावर सगळं आहे. पण मी आपल्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात रुग्ण म्हणून रांगेत उभा राहिलो, तेव्हा गोळ्या मिळाल्या, खोकल्याचं औषध मिळालं, आणि पंपासाठी "बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी मिळाली. डॉक्टरला दोष देत नाही. त्यांच्यासमोर शंभरावर माणसं होती, एकाला दोन मिनिटं येत नाहीत. वीस मिनिटं प्रश्न विचारणार कसे? पेशंटही म्हणतो, सुई द्या. सुई नाही दिली तर तो पुड्या देणाऱ्याकडे जातो. त्या बिनानावाच्या पांढऱ्या पुडीने भूक वाढते, दम थांबतो, तोंड गोल होतं, आणि वर्षाने साखर वाढून तोच माणूस डॉक्टरकडे परत येतो. त्यात काय असतं ते डॉक्टर लगेच ओळखतात.

आणखी एक. सरकारची विमा योजना दवाखान्यात भरती झालात तर खर्च देते. घरी बसून रोज घ्यायच्या पंपाला देत नाही. म्हणजे तीनशे-चारशे रुपयांच्या पंपाने जो अटॅक टळला असता, तो आल्यावर आयसीयूचे हजारो रुपये सरकार भरणार. हा हिशेब कुणाच्या फायद्याचा, ते मला कुणी समजावून सांगा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पीक फ्लो मीटर. दोन, दोन्ही पंप शिल्लक आहेत की नाहीत, हे फळ्यावर लिहिलेलं असावं. तीन, पंप देताना नर्सताईंनी रुग्णाकडून एकदा करून घ्यावा, पाच मिनिटांचं काम आहे. चार, बीपी-शुगरच्या शिबिरात "रात्री खोकला येतो का, छातीतून आवाज येतो का" हे दोन प्रश्न वाढवावेत. मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी दिलंय. पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.

आणि घरोघरी लक्षात ठेवायचं ते एवढंच. निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागतोय, रात्री जाग येतेय, तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरकडे जा. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, निळ्या पंपाने फरक पडत नाही, तर सकाळची वाट बघू नका. स्पेसरमधून निळा पंप देत राहा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा. पंप महाग पडत असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची जशी सवय लागत नाही, तो फक्त गरजेचा असतो, तसंच.

आमची धाकटी आता अकरा वर्षांची आहे. दमा गेलेला नाही, मॅडम 'बरा झाला' म्हणतही नाहीत, 'ताब्यात आहे' म्हणतात. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा आणि चूळ. यंदा शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. आजी आता आल्यागेल्याला तिचा पंप दाखवते.

काकूंना विचारून ही पोस्ट लिहिली. म्हणाल्या, "लिहा, पण त्यांचं नाव नको, फोटो नको." म्हणून नुसतं नाना.

मागच्या आठवड्यात कोजागिरीच्या आयोजकांना भेटलो. वाटलं होतं भांडण होईल. तिथल्या वैद्यबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही कुणाला पंप टाकून द्या असं सांगतच नाही." म्हटलं, मग तेच माईकवरून सांगा, बॅनरवर लिहा. कबूल झाले. बॅनरवर खाली मोठ्या अक्षरात ओळ येणार आहे: "डॉक्टरांनी दिलेला पंप व चालू औषध बंद करू नये."

यंदाही मी ती बातमी लावणार आहे. मथळ्यात हीच ओळ असेल. तुमच्या गावात असा कार्यक्रम असेल तर तुम्हीही जाऊन सांगा. आणि तुमच्या पेपरवाल्याला, दूधवाल्याला, शेजारच्या काकांना एकदा विचारा, खिशात निळाच पंप आहे की दुसराही आहे?